वादळाने छप्पर नेलं, विम्याची रक्कम अपुरी: दुरुस्ती थांबवायची की सुरू करायची?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. रायगडच्या किनाऱ्यावर आई-वडिलांचं कौलारू घर आहे. वादळात मागचं पाखं (छपराची उतरती बाजू) उडालं, आढं (छपराचं सर्वांत वरचं आडवं लाकूड) एका टोकाला मोडलं आणि नंतरच्या पावसाने माजघराच्या भिंती भिजल्या. विमा कंपनीच्या सर्व्हेअरने "वासे आधीपासूनच कुजलेले होते" असा शेरा मारला आणि अंदाजपत्रकाच्या जेमतेम एक तृतीयांश रक्कम मंजूर झाली. घरावर गृहकर्ज चालू आहे. दुरुस्तीला हात घातला तर दावा बुडेल का, आणि हात घालायचाच तर पैसे आणि माणसं कुठून आणायची, हे तुम्ही विचारलं आहे.

मी स्थापत्य अभियंता आहे. किनारपट्टीवरची वादळात सापडलेली घरं तपासणं, दुरुस्तीची अंदाजपत्रकं करणं आणि घरमालकाच्या बाजूने सर्व्हेअरशी बोलणं हे माझं रोजचं काम आहे. त्या अनुभवावरून स्पष्ट सांगतो: दुरुस्ती थांबवू नका. विम्याचं भांडण वर्ष-दोन वर्षं चालू शकतं, पण वरून उघडी पडलेली चिऱ्याची भिंत एवढं थांबत नाही. अट एकच आहे. जे मोडलं आहे त्याचा पुरावा घेतल्याशिवाय एकही वासा हलवू नका.

"दुरुस्ती केली की क्लेम गेला" ही भीती गावोगाव दिसते, आणि तिच्यापायी लोक आणखी एक पावसाळा उघड्या घरात काढतात. खरं तर नुकसान आणखी वाढू नये म्हणून वाजवी काळजी घेणं ही पॉलिसीतलीच अट असते. छप्पर उघडं ठेवून भिंत ढासळली तर कंपनी उलट तुमच्यावरच बोट ठेवेल. सर्व्हेअर येऊन गेला असेल तर कंपनीला ईमेल करा आणि स्पीड पोस्टानेही पत्र पाठवा: "अमुक तारखेला काम सुरू करत आहोत, पुन्हा पाहणी करायची असल्यास त्याआधी यावं, मोडलेलं साहित्य जपून ठेवलं आहे." एवढ्या दोन ओळींनी पुढचा बराच वाद टळतो.

आता तो "कुजलेल्या वाशांचा" मुद्दा. तुमचा सगळा दावा त्यावर अडला आहे, म्हणून इथे जरा थांबू. लाकूड वाऱ्याने मोडलं की कुजून मोडलं, हे मोडलेल्या टोकाकडे नीट पाहिलं तर कळतं. धडधाकट वासा ताणाने मोडला की मोड फिकट रंगाचा असतो आणि त्यातून लांब लांब, टोकदार तंतू बाहेर आलेले दिसतात. कुजलेल्या लाकडाचा मोड आखूड आणि काळपट असतो, नखाने खरवडला तर भुगा पडतो, आणि वाळवी असेल तर आत मातीचे बोगदे सापडतात. खिळ्यांकडेही पाहा. छप्पर वर उचललं गेलं असेल तर रिपेतलं (कौलं जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीतलं) खिळ्याचं भोक लांबट होतं, त्याच्या कडा फाटतात. कौलाची ताजी फूट आतून लाल असते, जुन्या फुटीवर शेवाळ किंवा काळा थर असतो. हे फरक पावसात फार टिकत नाहीत. ताजा मोडही काही आठवड्यांत काळा पडतो, मग कोण खरं आणि कोण खोटं हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून प्रत्येक मोडलेल्या वाशाला खडूने क्रमांक घाला. बाजूला मोजपट्टी धरून एक फोटो जवळून आणि एक दुरून काढा, आणि घराच्या साध्या नकाशावर तो क्रमांक कुठला हे लिहा. फोटो फोनमध्येच न ठेवता त्याच दिवशी स्वतःला आणि कंपनीला ईमेल करा, म्हणजे तारखेची नोंद आपोआप राहते. मोडलेल्या टोकांचे हात-दीड हात लांबीचे तुकडे कापून कोरड्या जागी ठेवा. आणि काही वासे खरोखरच कुजलेले असतील तर तेही लपवू नका. दहा वाशांपैकी दोन कुजके निघाले तर वाद त्या दोघांपुरता राहतो. सगळेच धडधाकट होते असं ठासून सांगितलंत आणि एक कुजका सापडला, तर उरलेल्या नऊंवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

त्यातही कुजकं लाकूड हे काही सगळ्याचं उत्तर नव्हे. वारा छपरावर नुसता दाब देत नाही, तो छप्पर वर ओढतो. ही ओढ वळचणीजवळ, आढ्याजवळ आणि कोपऱ्यांत सर्वांत जास्त असते. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा दाब काढण्याचं जे सूत्र आहे, त्यात दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी १२० किलोमीटर वाऱ्याला हा दाब चौरस मीटरला साधारण ६८ किलो वजनाइतका भरतो. नुसती ठेवलेली मंगलोरी कौलं चौरस मीटरला साधारण ४० किलो भरतात. कडेची रांग बांधलेली नसेल तर खालचे वासे कितीही पक्के असले तरी कौलं उचलली जाणारच, आणि पाखं एकदा उघडलं की वारा आत शिरून उरलेलं छप्पर खालून ढकलतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, तेव्हा हवामान विभागाने वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर नोंदवला होता. त्या वेळी भरभक्कम सागवानी वाशांच्या घरांचीही कौलं गेली. तुमच्या पत्रात हा मुद्दा घाला, आणि शक्य असेल तर एखाद्या अभियंत्याकडून एका पानाचं तांत्रिक मत जोडा. वादळाच्या दिवसाची वाऱ्याची नोंद हवामान विभागाकडून मागवता येते. अलिबाग आणि हर्णै इथे विभागाची केंद्रं आहेत, त्यांपैकी जवळचं निवडा.

आतल्या भिजलेल्या भिंतींबद्दल कंपनी "हे पावसाचं पाणी आहे, वादळाचं नाही" असं म्हणते का ते पाहा. छप्पर वाऱ्याने उघडलं आणि त्या उघड्या जागेतून पाऊस आत आला, तर मूळ कारण वादळच. वर्षानुवर्षं झिरपणारी ओल वेगळी, तिची भरपाई मिळत नाही. ताजी ओल वरून खाली ओघळांनी उतरलेली असते. जुन्या ओलीला क्षारांची पांढरी किनार आणि पोपडे असतात. फोटोत हा फरक दिसला पाहिजे.

आता पॉलिसी हातात घ्या आणि तिचं नाव वाचा. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना घरांसाठी "भारत गृह रक्षा" ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात वादळ, चक्रीवादळ, पूर, भूस्खलन हे सगळं येतं, आणि वाऱ्याचा अमुक वेग असलाच पाहिजे अशी अट नाही. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे तिच्यात अंडर-इन्शुरन्सची कपात नाही. जुन्या पद्धतीच्या अग्नी विमा पॉलिसीत ती असते: घर बांधायला १० लाख लागत असताना विमा ६ लाखांचाच उतरवला असेल, तर २ लाखांच्या नुकसानीचे १ लाख २० हजारच हातात पडतात. तुमची पॉलिसी भारत गृह रक्षा असेल आणि तरी हिशेबात ही कपात दिसत असेल, तर तेवढ्या एका मुद्द्यावरच लेखी हरकत घ्या, ती टिकेल. याच पॉलिसीत अभियंता किंवा वास्तुविशारदाची फी दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि राडारोडा हलवण्याचा खर्च २ टक्क्यांपर्यंत मिळतो. बहुतेक जण हे मागतच नाहीत. घर राहण्याजोगं नसेल तर पर्यायी जागेच्या भाड्याची तरतूदही आहे, तिच्या अटी पॉलिसीत वाचा. इमारतीच्या नुकसानीची भरपाई साधारणपणे प्रत्यक्ष दुरुस्तीच्या खर्चावर मिळते, म्हणून सुताराच्या मजुरीपासून खिळ्यांपर्यंत प्रत्येक गोष्टीची पावती हवी. सुतार बिल देत नसेल तर साध्या कागदावर काम, दिवस, रक्कम लिहून त्याची सही घ्या आणि पैसे बँकेतून द्या.

सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. ती मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ती हाती आल्याशिवाय "रक्कम कमी आहे" असं मोघम लिहीत बसण्यात अर्थ नाही. अहवाल मिळाला की एका तक्त्यात बाब, तुमचा अंदाज, सर्व्हेअरची रक्कम आणि कपातीचं कारण असे रकाने करा. बहुतेक वेळा खरा वाद तीन-चार ओळींपुरताच निघतो. घसारा (जुनेपणापोटी केलेली कपात) कुठल्या भागावर, किती टक्के आणि किती वर्षांच्या हिशेबाने लावला, हे लेखी विचारा. जुन्या लाकडाला घसारा लावला तर त्यावर चर्चा होऊ शकते. पण आज येऊन काम करणाऱ्या सुताराच्या मजुरीलाही तोच टक्का लावलेला असतो, तो मी कधीच मुकाट्याने मान्य करू देत नाही. तुमच्या अंदाजपत्रकातही दोन भाग ठेवा: घर होतं तसं करण्याचा खर्च, आणि या निमित्ताने तुम्ही करू पाहता ती सुधारणा. दुसरा भाग कंपनी देणार नाही, आणि दोन्ही एकत्र दिसले की पहिल्यावरही संशय येतो.

मंजूर झालेली रक्कम नाकारू नका. तेवढ्यात निदान आढं उभं राहील. फक्त डिस्चार्ज व्हाउचरवर (रक्कम मिळाल्याच्या पावतीवर) "पूर्ण व अंतिम" असं छापलेलं असेल तर सही करताना "हरकत राखून, उर्वरित रकमेचा हक्क अबाधित ठेवून" असं हाताने लिहा आणि त्याच दिवशी त्याच अर्थाचा ईमेल करा. फसवणुकीने, चुकीची माहिती देऊन किंवा अडवणूक करून घेतलेल्या व्हाउचरमुळे ग्राहकाचा तक्रारीचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सांगितलं आहे. पण ती अडवणूक सिद्ध करत बसण्यापेक्षा एक ओळ लिहिणं सोपं. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे. "अमुक कागद नाही म्हणून दावा बंद" असं कुणी म्हणालं, तर कागदांच्या अभावी दावा फेटाळू नये असं विमा नियामकाचं २०२४ चं परिपत्रक सांगतं, त्याचा उल्लेख करा.

दाद मागण्याचा क्रम असा ठेवा. पहिली लेखी तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तीच नोंदवा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे इथे लोकपालांची कार्यालयं आहेत, तुमचा पत्ता कुणाच्या हद्दीत येतो ते आधी पाहून घ्या. तिथे फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय होतो आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. ग्राहक आयोगात तीच तक्रार आधी दाखल केली असेल तर लोकपाल ती घेत नाहीत, म्हणून तुमच्यासारख्या प्रकरणात मी आधी लोकपालाकडेच पाठवतो. तिथे समाधान झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथली मुदत दोन वर्षांची. मधल्या काळातही ही मुदत सरत आहे असं धरूनच चाला.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे सामूहिक आपत्तीत सापडलेल्यांना मोफत कायदेशीर मदत मागता येते, आणि स्त्रियांना तर उत्पन्न न पाहता. घर किंवा पॉलिसी आईच्या नावावर असेल तर हा रस्ता अगदी सरळ आहे. लोक इथे जात नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण याच लोकांना "क्लेम मिळवून देतो, अर्धे माझे" म्हणणारे दारात येऊन भेटतात. अशा कुणाच्याही कोऱ्या कागदावर सही करू नका.

पैशांसाठी पहिला दरवाजा तलाठ्याचा. पंचनामा झाला नसेल तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या, झाला असेल तर प्रत घ्या. आपत्ती मदतनिधीच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये, कच्च्या घराला ४,००० रुपये, आणि पूर्ण किंवा गंभीर नुकसान झालेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये ठरवलेले होते. राज्य सरकार कधी कधी वाढीव मदत जाहीर करतं. म्हणजे पंचनाम्यात तुमचं घर "अंशतः" की "गंभीर" या एका शब्दावर मोठा फरक पडतो. आढं मोडलं आहे, छताचा भार पेलणारा भागच गेला आहे, हे पंचनाम्यात शब्दांत आलंच पाहिजे. आणि हाच सरकारी कागद विमा कंपनीसमोर स्वतंत्र पुरावा म्हणून उभा राहतो.

गावातल्या मंडळाकडे, ओळखीच्या संस्थांकडे किंवा मुंबईकर मंडळींकडे मदत मागताना "घर पडलंय, मदत करा" एवढंच सांगू नका. लोकांना मदत करायची असते, पण नेमकं काय द्यायचं ते कळत नाही. एका पानावर लिहा: इतक्या लांबीचे वासे इतके नग, रिपा इतके फूट, कौलं इतकी, ताडपत्री या मापाची, आणि रविवारी कौलं उतरवायला आठ माणसं. कुणी वासे देईल, कुणी टेम्पो देईल. मिळालेल्या वस्तूंची नोंद मात्र ठेवा, म्हणजे फुकट मिळालेल्या मालाची रक्कम चुकून दाव्यात जाणार नाही.

काम सुरू करताना आधी मेन स्विच बंद, आणि वायरमन पाहून जाईपर्यंत तो बंदच. मग बाजूच्या त्रिकोणी भिंतीकडे पाहा. आढ्याचा आधार गेला की ती नुसती उभी असते, आणि वादळानंतरच्या अपघातांत मला तिची सर्वांत जास्त धास्ती वाटते. तिला आधी टेकू द्या, आई-वडिलांची झोपायची जागा तिच्यापासून लांब करा. ताडपत्री आढ्यावरून पलीकडच्या पाखावर हात-दोन हात तरी उतरली पाहिजे, नाहीतर पाणी तिच्याखालीच शिरतं. तिच्यावर दगड ठेवू नका. कडा लाकडी पट्टीला गुंडाळून ती पट्टी वाशाला बांधा. चिऱ्याच्या भिंतीचा सर्वांत वरचा थर झाका, मातीच्या सांध्यात वरून पाणी गेलं की भिंत आतून सुटते. गिलाव्याची घाई नको. भिंत पुरती सुकल्याशिवाय केलेला गिलावा पुढच्या वर्षी फुगतो.

कौलं काढून पत्रे टाका, असं तुम्हाला बरेच जण सांगतील. निसर्गनंतर अनेकांनी तेच केलं. माझं मत थोडं वेगळं आहे. पातळ पत्रा चौरस मीटरला चार-पाच किलो भरतो, म्हणजे तो वजनाने टिकतच नाही, सगळी मदार त्याच्या स्क्रूंवर आणि हुकांवर असते. खाऱ्या हवेत ते गंजले की पत्रा कापत उडतो आणि माणसाला इजा करतो. कौलं ठेवायची असतील तर वळचणीच्या, आढ्याजवळच्या आणि दोन्ही कडांच्या रांगा गंजरोधक तारेने रिपांना बांधा. बऱ्याच मंगलोरी कौलांना त्यासाठी मागे छिद्र असतंच. पत्रेच घालायचे असतील तर या कडांवर स्क्रू दाट घ्या आणि वॉशर चांगल्या प्रतीचे वापरा. दोन्ही प्रकारांत वासा भिंतीवरच्या लाकडाला आणि ते लाकूड भिंतीला लोखंडी पट्टीने जखडलेलं हवं. नुसत्या खिळ्याने टेकवलेला वासा खालचा भार पेलतो, वरची ओढ पेलत नाही. हा पट्ट्यांचा खर्च एकूण कामात किरकोळ आहे, आणि तो सुधारणेच्या रकान्यात जातो. विम्यातून मिळाला नाही तरी करा.

कंत्राटदाराला सगळी रक्कम आगाऊ देऊ नका. आढं व वासे, रिपा, कौलं असे टप्पे पाडून प्रत्येक टप्पा संपल्यावर पैसे द्या, आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो घ्या.

राहिलं गृहकर्ज. पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर विम्याची रक्कम थेट बँकेकडे जाऊ शकते आणि कर्जखात्यात वळती होऊ शकते. कंपनीने धनादेश काढण्याआधीच शाखेत लेखी अर्ज द्या की ही रक्कम तारण घराच्या दुरुस्तीसाठी टप्प्याटप्प्याने मोकळी करावी. तारण मालमत्ता धड राहण्यात बँकेचंही हित आहे, त्यामुळे ही मागणी रास्त आहे. अर्जासोबत अंदाजपत्रक, पंचनाम्याची प्रत आणि क्रमांक घातलेले फोटो जोडा, आणि दुरुस्तीसाठी वेगळं कर्ज किंवा हप्त्यांना काही महिन्यांची सवलत मिळते का, हेही त्याच अर्जात विचारून घ्या.